डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांची परदेशची मावशी

अमेरिकेत जाऊन डॉक्टरीची पदवी मिळविणारी पहिली हिंदू स्त्री म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांच्या धैर्याची कथा शाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु ज्या ख्रिस्ती घराने ह्या परदेशी विद्यार्थिनीस आश्रय दिला, त्या घराकडे आमच्या मंडळ्यांचे लक्ष फारसे गेलेले नाही. म्हणून हे चरित्र त्या बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेर कल्याणचे व माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्ट खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव बिजवर असून वयाने पुष्कळ मोठे होते. पत्नीस विद्या द्यावी हा त्यांचा मोठा ध्यास होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला, तो दहा दिवसच जगला. आपल्या देशात स्त्रियांवर उपचार करण्यास स्त्री डॉक्टर नाही, ही उणीव त्या कोवळ्या मातेच्या मनास लागली, आणि आपणच डॉक्टर व्हावे असा त्यांनी निश्चय केला.

इ. स. १८७८ त, कोल्हापुरास असताना, गोपाळरावांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणाविषयी मिशनरी लोकांस लिहिले. ते पत्र अमेरिकेत प्रिन्स्टन येथून निघणाऱ्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. त्याचे संपादक रॉयल वाइल्डर ह्यांनी पूर्वी कोल्हापुरातच मिशनकार्य केले होते. परंतु त्यांच्या उत्तरात धर्मांतराची अपेक्षा होती, व ती ह्या दांपत्यास मान्य नव्हती. येथे गोष्ट संपावयाची, पण संपली नाही.

इ. स. १८८० त न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेला त्या मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती आला. मासिक तेच व पत्रही तेच. परंतु बाईंस त्यात साहाय्यास पात्र अशी एक तळमळणारी मुलगी दिसली. त्यांनी पत्र लिहिले, आणि दोघींचा पत्रव्यवहार तीन वर्षे चालला. आनंदीबाईंची प्रकृती नाजूक असल्याचे कळताच बाईंनी अमेरिकेतून औषधेही धाडली. पुढे आपल्या घरी येऊन राहण्याचे आमंत्रण दिले. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या.

तारीख २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जातो हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांचे अभिवचन होते. हे कॉलेज विल्यम केरी व त्यांच्या सोबत्यांनी स्थापिलेले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या व जूनच्या आरंभी न्यूयॉर्कास उतरल्या. वयाची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेली, पती मागे राहिलेला. त्यांस उतरवून घेण्यास मावशी आल्या होत्या.

त्या वर्षी आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. इ. स. १८५० त निघालेल्या त्या कॉलेजाच्या स्थापनेत क्वेकर पंथीय ख्रिस्ती लोकांचा मोठा वाटा होता. मुख्य अध्यापिका रेचल बॉडली ह्यांनी त्यांस शिष्यवृत्ती मिळवून देऊन मायेने सांभाळले. ऑक्टोबर १८८५ मधील एका छायाचित्रात जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबूली ह्या दोघी विद्यार्थिनींसमवेत आनंदीबाई साडी नेसून बसलेल्या दिसतात. प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही आणि धर्मही सोडला नाही. तरी रोझेलचे दार त्यांस बंद झाले नाही.

तारीख ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडाहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. स्वदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा मावशींकडे पाठविण्यात आली, व मावशींनी ती न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनस्थानात ठेविली. ती आजही तेथे आहे.

कोणी विचारील की, त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, मग ह्या श्रमाचे फळ काय? आम्ही नम्रपणे म्हणतो की, हा प्रश्नच तपासून पाहावा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने परक्यास घरात घेणाऱ्यांची वाखाणणी केली आहे. तो परका पुढे कोणत्या धर्माचा झाला, हे तेथे विचारलेले नाही. शोमरोनी मनुष्यानेही जखमी वाटसरूस काही अट घातली नव्हती. कार्पेंटरबाईंनी प्रीती केली, ती कशाच्या मोबदल्यात केली नाही; म्हणूनच मृत्यूनेही ती आटली नाही. शिवाय फळ कोठे धरेल हे पेरणाऱ्यास कळत नाही. त्या पदवीदानाच्या निमित्ताने अमेरिकेत आलेल्या रमाबाईंस तेथे मित्र लाभले. त्यांच्याच साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

ख्रिस्ती बंधुभगिनींनो, पुण्यासारख्या शहरांत आज आफ्रिकेतून व आशियातील अन्य देशांतून विद्यार्थी शिकावयास येतात. सुटीत वसतिगृह रिकामे होते, तेव्हा त्यांस जावयास घर नसते. आपली मुलेही त्याच कॉलेजांत शिकतात. नाताळास येताना अशा एखाद्या सोबत्यास घेऊन ये, असे आपण त्यांस सांगावे. पाहुण्याचे नाव नीट उच्चारावयास शिकावे, तो काय खातो ते आधी विचारावे, त्याच्या आईची खुशाली पुसावी. आपला विश्वास लपवावा असे आमचे म्हणणे नाही. त्याने विचारल्यास आनंदाने सांगावा. न विचारल्यास भाकरी तितक्याच प्रेमाने वाढावी. ज्यास घरी मावशी म्हणावयास कोणी मिळाले, तो ते घर विसरणार नाही. आणि प्रभूही विसरणार नाही.