ताप अंगावर, मुले अवतीभवती : संत फ्रान्सिस झेवियर

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण. आपल्या कोकणपट्टीत ह्या संताचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर सापडणे कठीण. आपल्यापैकी कितीतरी जण जुन्या गोव्याला जाऊन त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेऊन आले आहेत. त्यांचे चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु परक्या मुलखात मुलांची सेवा करताना हा माणूस वारंवार आजारी पडत होता, आणि त्या आजारपणाला तो कसा सामोरा गेला, हे आपण सहसा बोलत नाही. ह्या सणाच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाकडे ह्या बाजूने पाहू या.

हे संत आपल्यापासून फार दूरचे नाहीत. रोह्यावरून वाहणारी आपली कुंडलिका नदी पुढे रेवदंडा आणि कोर्लईच्या मधून समुद्राला मिळते. तेथेच जुने चौल बंदर होते. १५२१ सालापासून तेथे पोर्तुगीजांचे ठाणे होते. रेवदंड्याच्या किल्ल्यात संत झेवियर ह्यांच्या नावाचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे, आणि त्यांनी तेथे प्रवचन दिले होते असे परंपरेने सांगतात. १५४८ साली गव्हर्नरच्या भेटीसाठी ते गोव्याहून वसईला गेले. गोव्याहून वसईला जाणारी गलबते ह्याच किनाऱ्याने जात असत.

राजवाड्यातून इस्पितळात

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनमधील नवार प्रांतातल्या झेवियर किल्ल्यात झाला. घराणे खानदानी. भावंडांत ते सर्वांत धाकटे. १५२५ साली ते पॅरिसला शिकायला गेले. तेथे संत इग्नेशियस लोयोला त्यांच्या खोलीत राहायला आले आणि फ्रान्सिस ह्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवर व्रते घेतली. त्यातूनच पुढे येशूसंघ उभा राहिला.

१५३७ साली व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच शहरात असाध्य रोग्यांच्या इस्पितळात त्यांनी रुग्णांची सेवा केली. परदेशी जाण्याआधी त्यांचे खरे शिक्षण झाले ते ह्या इस्पितळात.

त्यांचे भारतात येणेसुद्धा एका आजारपणामुळेच घडले. भारतासाठी निवड झाली होती ती बोबादिया नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याची. ते ऐन वेळी आजारी पडले आणि १५४० साली त्यांच्या जागी फ्रान्सिस ह्यांना जावे लागले. एकाच्या दुखण्यामुळे दुसऱ्याच्या सेवेचे दार उघडले. देवाची योजना अशी असते.

मोझांबिकमधील ताप

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, फ्रान्सिस लिस्बनहून जहाजात बसले. समुद्र त्यांना बाधला. दोन महिने ते उलट्या-मळमळीने हैराण होते. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याजवळ वारा पडला आणि जहाजे चाळीस दिवस रखडली. अन्नपाणी खराब झाले, माणसे आजारी पडू लागली. स्वतःला उभे राहवत नसताना ते इतरांची सुश्रूषा करीत राहिले.

पुढे वाऱ्याची वाट पाहत ताफ्याला मोझांबिकच्या बेटावर सुमारे सहा महिने मुक्काम करावा लागला. तेथील हवा रोगट होती. रुग्णांत राहून राहून शेवटी फ्रान्सिस स्वतःच तापाने अंथरुणाला खिळले. त्या काळी तापावर शीर उघडून रक्त काढणे हाच उपचार होता. त्याने रोगी आणखीच अशक्त होई, पण वैद्यांना दुसरे काही ठाऊक नव्हते. १ जानेवारी १५४२ रोजी रोममधील बंधूंना पाठवलेल्या पत्रात, आजच सातव्यांदा रक्त काढले आहे, असे त्यांनी साधेपणाने कळवले आहे. त्यात ना तक्रार ना बढाई. आपण आजारी आहोत हे त्यांनी लपवले नाही, एवढेच.

ह्याच आजारपणातील एक हकिकत त्यांचे चरित्रकार सांगतात. अंगात ताप असताना ते रुग्णांमध्ये हिंडत होते. वैद्याने त्यांना पाहिले आणि पडून राहण्यास बजावले. त्या रात्री भ्रमात असलेला एक खलाशी मरणाच्या दारात होता. त्याच्याजवळ बसायला हवे, ते झाले की आपण विश्रांती घेऊ, असे त्यांनी वैद्याला सांगितले. मग त्या खलाशाला त्यांनी आपल्याच बिछान्यावर आणून निजवले. खलाशी शुद्धीवर आला, त्याने कुमसार केला आणि शांतपणे प्राण सोडला. त्यानंतर फ्रान्सिस शब्दाला जागले. ते अंथरुणावर पडले आणि वैद्य सांगेल तसे वागले.

ह्या हकिकतीचा पहिला भाग आपण आवडीने सांगतो. दुसरा मात्र विसरतो. संताने वैद्याचे ऐकले, हीसुद्धा संतपणाचीच गोष्ट आहे.

गोव्याच्या रस्त्यावरची घंटा

६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. त्यांनी राहण्यासाठी निवडले ते इस्पितळ. सकाळी रुग्ण व कैदी, रविवारी शहराबाहेरचे कुष्ठरोगी, आणि दुपारनंतर मुले, असा त्यांचा क्रम होता. हातात घंटा घेऊन ते गल्ल्यागल्ल्यांतून फिरत आणि मुलांना हाक मारत. पुष्कळदा तीनशेहून अधिक मुले जमत. त्यांना ते प्रार्थना आणि देवाच्या आज्ञा शिकवीत.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते तामिळ किनाऱ्यावर, तुतिकोरिनच्या बाजूला, परवर कोळ्यांच्या वस्त्यांत गेले. भाषा परकी, ऊन कडक, आणि गावोगावी धर्मगुरू नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांना सोबत बसवून त्यांनी क्रुसाची खूण, आमच्या स्वर्गातील बापा, नमो मरिया आणि दहा आज्ञा तामिळमध्ये करून घेतल्या, त्या स्वतः पाठ केल्या आणि मग दिवसातून दोनदा घंटा वाजवून ते मुलांना जमवू लागले. मुलांनी त्यांचा असा काही ताबा घेतला की आणखी एक प्रार्थना शिकविल्याशिवाय ती त्यांना जेवू देत नसत की झोपू देत नसत. ते आपल्या पत्रांतून हे मोठ्या कौतुकाने कळवतात.

पण एक माणूस किती पुरणार? घरोघरच्या आजाऱ्यांसाठी त्यांना सतत बोलावणी येत. बोलून बोलून घसा बसे, बाप्तिस्मा देऊन देऊन हात दुखून येत. मग त्यांनी एक मार्ग काढला. ज्या मुलांना प्रार्थना पाठ झाल्या होत्या त्यांनाच त्यांनी आजाऱ्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. मुले जात, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना गोळा करीत, आजाऱ्यासाठी प्रार्थना करीत. घरी गेल्यावर आईवडिलांनाही शिकवीत. अशा रीतीने शिकणारी मुलेच सेवक झाली.

झेवियर ह्यांचे खरे शहाणपण येथे दिसते. आपल्यावाचून काम अडते असा भ्रम त्यांनी बाळगला नाही. आपले शरीर थकणार, आजारी पडणार, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून आपण अंथरुणावर असतानाही चालू राहील असे काम त्यांनी उभे केले.

त्यांची प्रत्येक गोष्ट आज आपण तशीच उचलणार नाही. त्या किनाऱ्यावर मुलांनी मूर्ती फोडल्या ह्याचा त्यांना आनंद वाटे. ती त्या काळाची मर्यादा होती. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने अन्य धर्मांतील सत्य व पावित्र्याचा आदर करण्यास आपल्याला शिकवले. गणेशमूर्तींचे गाव म्हणून महाराष्ट्रभर नाव असलेल्या पेणमध्ये शेजारधर्माने राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

अखेरचा ताप

पुढची दहा वर्षे ते सारखे फिरतीवर होते. १५४६ साली मोलुक्का बेटांतील अंबोन येथे एका स्पॅनिश ताफ्यातील आजारी खलाशांची त्यांनी सेवा केली. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानला पोहोचले आणि तेथील कडाक्याच्या थंडीत बर्फातून पायी प्रवास केला. परतले तेव्हा केस पांढरे झाले होते.

१५५२ साली चीनमध्ये शिरण्याच्या आशेने ते सांचियन बेटावर आले. २१ नोव्हेंबरला त्यांना ताप भरला. विश्रांतीसाठी ते जहाजावर गेले, पण लाटांचे हेलकावे सोसवेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परत आले. पुन्हा रक्त काढणे झाले, ग्लानी आली, अन्न जाईना. वाऱ्याला उघड्या असलेल्या एका झोपडीत ते पडून होते. त्यांच्याजवळ होता अंतोनियो नावाचा चिनी तरुण. तो गोव्यातील संत पॉल विद्यालयात शिकलेला होता. देशोदेशीच्या मुलांसाठी असलेल्या ह्या विद्यालयाची झेवियर ह्यांना सदैव काळजी असे. त्या विद्यालयातल्या मुलानेच त्यांना पाणी पाजले, रात्री जागून काढल्या आणि शेवटच्या क्षणी त्यांच्या हातात मेणबत्ती दिली. ३ डिसेंबरच्या पहाटे त्यांनी देह ठेवला. वय अवघे ४६. १६ मार्च १५५४ रोजी त्यांचे शव गोव्यास आणले गेले. १२ मार्च १६२२ रोजी ते संतपदाला पोहोचले आणि १९२७ साली बाळ येशूच्या संत तेरेजा ह्यांच्याबरोबर मिशन कार्याचे आश्रयदाते ठरले. संत तेरेजाही क्षयाने खंगून वयाच्या २४ व्या वर्षी गेल्या होत्या. मिशन कार्याच्या ह्या दोन्ही आश्रयदात्यांना दुखणे चांगले ठाऊक होते.

आपल्यासाठी

पेण आणि रोहे तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांवर मुलांना शिकवायला जाणाऱ्या भगिनी, शिक्षक आणि तरुण आपण पाहतो. काही घरांतील मुले-मुली परदेशात अशाच कामाला जातात, तर कधी परदेशातून कोणी आपल्याकडे येते. पावसाळ्यात मलेरिया, लेप्टो असे ताप येतात, पाणी बाधते. मुलांचे नुकसान नको म्हणून पुष्कळ जण दुखणे अंगावर काढतात, घरी कळवत नाहीत. त्याला आपण त्याग म्हणतो. परंतु वेळेवर रक्त तपासले नाही तर साधा वाटणारा ताप जिवावर बेततो, आणि संसर्गाचा आजार असेल तर तो मुलांनाही लागतो. झेवियर ह्यांच्या वैद्यापाशी औषध नव्हते. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते आहे.

म्हणून सेवेला गेलेल्यांना आमची प्रेमाची विनंती आहे. ताप आला तर लपवू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस पडून राहा. वर्गातील मोठ्या मुलांना धाकट्यांचे शिकवणे आतापासूनच सोपवा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत घंटा वाजत राहील. आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? जो आपल्या मुलांसाठी घर सोडून आला आहे त्याच्या दाराशी पेजेचा डबा पोहोचवावा, रात्री कोणी सोबतीला आहे का हे विचारावे. सांचियनच्या झोपडीत एक अंतोनियो होता. आपल्या वाड्यांवर कोणा सेवकाला तापात एकटे पडावे लागू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या.

संत फ्रान्सिस झेवियर आपल्या धर्मग्रामातील सर्व आजाऱ्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी प्रभूकडे विनंती करोत.