डेव्हिड लिव्हिंगस्टन : मुंबईत बोट विकली, नाशिकमधून सोबती घेतले आणि आफ्रिकेत कायमचा निघून गेला

आज मुंबईतून आफ्रिकेच्या ग्रुप टूर सहज बुक होतात. व्हिक्टोरिया धबधबा, झांबेझी नदीवरची संध्याकाळची क्रूझ, काठावर हत्ती, पाण्यात डुंबणारे पाणघोडे. या सहलीत एक नाव पाठ सोडत नाही. धबधब्याजवळच्या झांबियातल्या शहराचं नाव लिव्हिंगस्टन, धबधब्यापाशी पुतळाही लिव्हिंगस्टनचाच.

पण या माणसाच्या आयुष्यातला एक मोठा टप्पा मुंबईत आणि नाशिकमध्ये घडला होता. ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या जेट्टीवरून दिसणारं खाडीचं पाणी पुढे दक्षिणेला मुंबई बंदरात मिसळतं. त्याच बंदरात १३ जून १८६४ रोजी एक छोटीशी वाफेवरची बोट शिरली. ती इतकी लहान होती की तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. ती चालवत होता स्वतः डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन.

आफ्रिकेत फिरणारा हा माणूस मुंबईत काय करत होता? तर ही गोष्ट सुरू होते एका कापड गिरणीपासून.

गिरणी कामगार ते डॉक्टर

लिव्हिंगस्टनचा जन्म १९ मार्च १८१३ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावातला. घरची गरिबी. दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत कामाला लागला. सकाळी ६ ते रात्री ८ अशी पाळी, आणि त्यानंतर रात्रीची शाळा. पुढे ग्लासगोला जाऊन त्याने डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि मिशनरी व्हायचं ठरवलं.

त्याला खरं तर चीनला जायचं होतं. पण तिकडे अफूचं युद्ध पेटलं आणि १८४१ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. तीन वर्षांनी एका सिंहाने त्याच्यावर झडप घातली आणि त्याच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. जीव वाचला, पण हात कायमचा अधू झाला. हा मोडलेला हात लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

धबधबा ‘शोधला’ म्हणजे नेमकं काय?

१८५३ ते १८५६ या काळात लिव्हिंगस्टनने आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पार केला. या प्रवासामुळे तो ब्रिटनमध्ये घराघरात पोहोचला. पण हा प्रवास त्याने एकट्याने केला नव्हता.

मकोलोलो लोकांचा राजा सेकेलेटू याने त्याला माणसं, बैल, होड्या आणि व्यापारासाठी हस्तिदंत दिलं. पश्चिमेकडे जाताना २७ जण सोबत होते, पूर्वेकडे येताना शंभराहून जास्त. वाट दाखवणारे तेच, होडी वल्हवणारे तेच आणि तापाने फणफणलेल्या डॉक्टरला सांभाळणारेही तेच. आजच्या भाषेत सांगायचं तर ती एक ग्रुप टूरच होती, आणि तिचे गाईड आफ्रिकन होते.

नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनीच त्याला झांबेझीवरच्या त्या प्रचंड धबधब्यापाशी नेलं. तिथले लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या म्हणजे गडगडणारा धूर म्हणायचे. लिव्हिंगस्टनने त्याला राणी व्हिक्टोरियाचं नाव दिलं आणि नकाशात तेच गेलं.

नदीने दगा दिला

प्रवासात लिव्हिंगस्टनने गुलामांचा व्यापार जवळून पाहिला होता. आफ्रिकेच्या आतल्या भागात कायदेशीर व्यापार पोहोचला तर माणसांचा बाजार बंद पडेल, असं त्याचं मत होतं. त्यासाठी त्याला रस्ता हवा होता आणि झांबेझी नदी हाच तो रस्ता, अशी त्याची खात्री होती.

१८५८ मध्ये ब्रिटिश सरकारने दिलेला पैसा, माणसं आणि बोट घेऊन तो परतला. पण कबराबासाच्या खडकाळ धारांपाशी बोट अडली. आधीच्या प्रवासात त्याने नदीचा नेमका हाच भाग पाहिला नव्हता. मोहिमेतल्या गोऱ्या सहकाऱ्यांशी त्याचे खटके उडाले. एप्रिल १८६२ मध्ये त्याची पत्नी मेरी झांबेझीकाठी तापाने गेली. सहा वर्षांत हाती फारसं काही लागलं नाही आणि सरकारने मोहीम गुंडाळली.

उरली फक्त ‘लेडी न्यासा’ ही बोट. न्यासा सरोवरावर चालवून गुलामांच्या व्यापाऱ्यांची वाट अडवायची, म्हणून पुस्तकाच्या कमाईतले सुमारे ६ हजार पौंड खर्चून त्याने ती बांधून घेतली होती. ती सरोवरापर्यंत कधी पोहोचलीच नाही.

थेट मुंबई

बोट विकणं भाग होतं. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकली तर ती गुलाम वाहायला वापरली जाईल, ही त्याला भीती. झांझिबारमध्ये मनासारखं गिऱ्हाईक मिळेना. मग त्याने ठरवलं, बोट मुंबईला न्यायची.

झांझिबार ते मुंबई अंतर सुमारे ४ हजार किलोमीटर. नदीसाठी बांधलेली बोट, कोळसा फक्त १४ टन, पावसाळा तोंडावर. बोटीवर लिव्हिंगस्टनसह चार युरोपियन आणि नऊ आफ्रिकन. त्यातल्या बहुतेकांनी याआधी समुद्र पाहिलाही नव्हता. वारा पडल्याने बोट कित्येक दिवस एकाच जागी डुलत राहिली. ४५ दिवसांनी, पाऊस सुरू व्हायच्या बेताला, ती मुंबईला लागली.

त्या नऊ जणांत चुमा आणि विकातानी ही दोन मुलं होती. गुलामांच्या तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. डॉ. जॉन विल्सन, म्हणजे ज्यांच्या नावाने आज विल्सन कॉलेज आहे ते, यांच्या मिशनकडे लिव्हिंगस्टनने या मुलांना सोपवलं आणि तो इंग्लंडला गेला.

१८६५ च्या सप्टेंबरमध्ये तो परत मुंबईत आला. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, त्यामुळे कापसाचे भाव कोसळले होते आणि शेअर बाजारात मुंबईचं दिवाळं निघालं होतं. अशा मंदीत लेडी न्यासा २,३०० पौंडांना गेली. ते पैसे त्याने भारतातल्या एका बँकेत गुंतवले आणि ती बँकही बुडाली.

नाशिकचं शरणपूर

नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलाम वाहणारी गलबतं पकडायचं, तेव्हा सुटलेल्या आफ्रिकन मुलांपैकी अनेकांना मुंबईत आणलं जाई. त्यातली काही शरणपूरला पोहोचली. तिथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकामही शिकली. इतिहासात हे लोक ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखले जातात.

लिव्हिंगस्टनला पुढच्या मोहिमेसाठी अशीच माणसं हवी होती. नाशिकमधून नऊ तरुण त्याच्यासोबत निघाले. मुंबईतून मरीन बटालियनचे १३ शिपाई मिळाले. चुमाही परत सोबत आला. शिवाय उंट आणि म्हशी! आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्याने गुरं मरतात. तिथले रानरेडे तगतात, तर भारतातल्या म्हशी तगतील का, हे त्याला पाहायचं होतं.

३ जानेवारी १८६६ रोजी हा लवाजमा ‘थूल’ जहाजाने मुंबईहून झांझिबारला निघाला. लिव्हिंगस्टनने मुंबई सोडली ती कायमचीच.

गळती

मोहीम पहिल्याच वर्षी विस्कटली. शिपाई मागे रेंगाळू लागले. जनावरांवर अती ओझं लादलं गेलं, त्यांना मारहाण झाली आणि ती एकेक करून मेली. त्यामुळे माशीचा प्रयोगही फसला. शिपायांना परत पाठवावं लागलं. कोमोरो बेटांवरचे लोक पळून गेले आणि लिव्हिंगस्टन मारला गेला, अशी अफवा त्यांनी झांझिबारला पसरवली. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटी चोरीला गेली. तापाच्या प्रदेशात डॉक्टरकडे औषधच उरलं नाही.

यानंतर अशी वेळ आली की गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा हा माणूस जगण्यासाठी त्याच व्यापाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून राहिला. जुलै १८७१ मध्ये न्यांगवेच्या बाजारात त्यांच्या माणसांनी शेकडो लोकांना, त्यातही बायकांना, त्याच्या डोळ्यांदेखत मारलं. तो हादरून उजीजीला परतला. तिथेच काही दिवसांनी पत्रकार हेन्री स्टॅन्ली त्याला शोधत आला.

स्टॅन्लीने परत चलण्याचा आग्रह धरला, पण लिव्हिंगस्टन ऐकेना. त्याला नाईल नदीचा उगम शोधायचा होता. तो ज्या लुआलाबा नदीच्या मागावर होता ती नाईलची नव्हे, काँगोची निघाली. पण हे कळायला तो राहिला नाही.

शेवटचा प्रवास

१८७२ मध्ये स्टॅन्लीने झांझिबारहून ५७ माणसं पाठवली. त्यातही शरणपूरला शिकलेले काही जण होते. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट.

मे १८७३ च्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबो गावी, एका झोपडीत लिव्हिंगस्टन पहाटे मृतावस्थेत सापडला. तो बिछान्याजवळ गुडघ्यावर प्रार्थनेला बसलेला होता, असं सोबत्यांनी सांगितलं. तेव्हा मुंबईच्या मोहिमेतले पाचच जण उरले होते : सुसी, चुमा, अमोदा आणि नाशिकच्या नऊ जणांतले गार्डनर आणि मब्रुकी.

आता तिथेच दफन करून घरी जायला त्यांना कुणी अडवलं नसतं. पण मृतदेह किनाऱ्यावर न्यायचा, असं त्यांनी ठरवलं. हृदय झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देह मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, मग कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला.

मग दीड हजार किलोमीटरहून जास्त पायपीट. वाटेत दुष्काळ, आजार, मारामाऱ्या. प्रेत नेऊ देत नाहीत म्हणून कापडाच्या गठ्ठ्यासारखं सजवून ते न्यावं लागलं. वाटेत भेटलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथेच पुरा असा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. लिव्हिंगस्टनच्या वह्या आणि नकाशेही त्यांनी सुखरूप आणले होते.

किनाऱ्यावर बहुतेकांना पगार देऊन मोकळं करण्यात आलं. जहाजावर देहासोबत गेला तो फक्त जेकब. इंग्लंडमध्ये ओळख कशी पटली? सिंहाने मोडलेल्या त्या हाताच्या हाडावरून.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचं दफन झालं. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये शरणपूरचा जेकब वेनराइट होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोहोचले ते दफन झाल्यावर. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या डायऱ्या छापताना संपादकाला त्या दोघांची मोठी मदत झाली.

मागे काय राहिलं?

लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर सुमारे महिनाभराने, जून १८७३ मध्ये, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. त्यासाठी वाटाघाटी करायला गेले होते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर. पुढे मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली आणि शरणपूरचे अनेक ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ तिथे जाऊन राहिले.

देह वाहून आणणाऱ्यांसाठी लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने ६० पदकं पाडली. पण ती झांझिबारला पोहोचेपर्यंत अनेक जण आपापल्या वाटेने पांगले होते आणि कित्येकांना ती मिळालीच नाहीत.

आज झांबेझीवरच्या शहराला लिव्हिंगस्टनचं नाव आहे. त्याला धबधब्यापर्यंत नेणाऱ्या मकोलोलो वल्हेकऱ्यांची नावं त्या नकाशावर नाहीत, आणि त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या चुमा, सुसी, गार्डनर, मब्रुकी आणि जेकबची नावंही नाहीत.