पाणी आणणारे आणि पाणी घालवणारे विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात आणि भाषणात कृष्णराजसागर धरण हमखास येतं. पण हा माणूस जितका धरणांचा होता तितकाच गटारांचाही होता, हे फार कुणी सांगत नाही. आणि आपल्या बारामती-इंदापूरशी त्यांचा थेट संबंध होता, हे तर आपल्यातल्याच कित्येकांना माहीत नसेल.

मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लहानपणीच गेले. बंगळूरला शिकवण्या करून बी. ए. केलं आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, दाखल झाले. १८८३ साली एल.सी.ई. परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. थोड्याच दिवसांत खानदेशात धुळ्याजवळ पाईपच्या सायफनचं काम अंगावर आलं. पावसामुळे काम पुढे ढकलावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. मग मात्र पठ्ठ्यानं पूर, खडक, चिखल सगळं सोसून ते काम पुरं करून दाखवलं. पुढे सिंधमधल्या सक्कर शहराला सिंधू नदीचं गढूळ पाणी स्वच्छ करून द्यायचं होतं आणि फिल्टरला पैसे नव्हते. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपलेलं पाणी आपोआप गाळलं गेलं.

१८९९ च्या सुमारास ते पुणे जिल्ह्याचे कार्यकारी अभियंता झाले आणि नीरा कालवा त्यांच्याकडे आला. हाच तो आपला डावा कालवा, भाटघरच्या पाण्यावर चालणारा, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाणारा. तेव्हा कालव्याच्या जवळचे शेतकरी उसाला मनसोक्त पाणी देत आणि लांबची गावं कोरडी राहत. शिवाय जिथे पाणी जास्त तिथे जमीन पाणथळ आणि खारवट होऊ लागलेली. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी अनेक गावांत वाटायचं, प्रत्येक ब्लॉकमध्ये ठरावीक हिस्साच उसाला आणि बाकी कमी पाण्याच्या पिकांना, तेही पाळीपाळीनं. सुरुवातीला शेतकऱ्यांना यात सरकारचा काहीतरी डाव वाटला, विरोध झाला. त्यांनी लोकांशी बोलून, समजावून ती पद्धत रुळवली. जमिनीला पाणी किती दिलं यापेक्षा जास्तीचं पाणी कुठे जाणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कायम असायचा. खडकवासल्याचे १९०३ चे स्वयंचलित दरवाजेही याच विचाराचे. पाणी साठवायचं, पण पूर आला की दरवाजे आपोआप उघडून वाट द्यायची.

शेताला लागू पडतं तेच शहरालाही. मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणूनही त्यांनी काम केलं. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवलं. तिथल्या पाणीपुरवठ्याबरोबर सांडपाण्याचीही योजना त्यांनी आखली. नळानं घरात पाणी आलं की तितकंच घाण पाणी घराबाहेर पडणार, त्यामुळे एक योजना दुसरीशिवाय अपुरी.

१९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मुख्य अभियंत्याची खुर्ची हिंदी माणसाला मिळणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. निजाम सरकारनं त्यांना बोलावलं. त्यांनी पूर अडवायला शहराच्या वर दोन जलाशय सुचवले, तेच आजचे उस्मानसागर आणि हिमायतसागर. जोडीला शहरासाठी भुयारी गटारांची योजनाही दिली. नदीत थेट जाणारं मैलापाणी काठानं घातलेल्या मोठ्या नळांनी अडवायचं आणि शहराबाहेर न्यायचं.

आता आपल्या अभ्यासाचा भाग. अशी मोठी लाईन रस्त्याखाली टाकून शहर स्वच्छ होत नाही. प्रत्येक इमारत तिला नीट जोडली जाते तेव्हाच होतं. जोडणीचे नियम साधे आहेत. इमारतीतून निघणारा पाईप किमान १०० मि.मी. व्यासाचा. त्याला साधारण ४० ते ६० मध्ये १ असा उतार. उतार कमी पडला तर घाण तळाशी बसते, कारण लाईन स्वतःची स्वतः धुऊन निघायला सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास वेग लागतो. दुर्गंधी घरात येऊ नये म्हणून ट्रॅप आणि त्यात किमान ५० मि.मी. पाणी. वळणावर आणि जोडावर चेंबर. मुख्य लाईनला जोड प्रवाहाच्या दिशेनं तिरका, समोरासमोर कधीच नाही. पावसाचं पाणी या लाईनमध्ये सोडायचं नाही आणि पिण्याचा पाईप तिच्यापासून लांब नि वरच्या पातळीवर ठेवायचा. खड्डा बुजवण्याआधी लाईन पाण्यानं भरून गळती तपासायची.

यातला एक नियम चुकला तरी इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी काही कळत नाही. कळतं ते चेंबर तुंबल्यावर. तेव्हा ना डिझाईन करणारा तिथे असतो ना काँट्रॅक्टर. असतो तो सफाई कामगार. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे, तरी आजही देशात असे मृत्यू होतातच. म्हणून उताराचं गणित हे नुसतं व्हायवापुरतं नाही. आणि मेसचं उरलेलं तेल, कापड, प्लास्टिक वॉशरूममध्ये टाकणाऱ्यानंही हे लक्षात ठेवायला हवं.

पुढे विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी पार करून एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. धरणाला भेट द्यायला बस निघतात, गटाराला कुणी भेट देत नाही. पण ते नीट चाललंय की नाही हे रोज सकाळी अख्ख्या हॉस्टेलला कळतं. पुढच्या १५ सप्टेंबरला हार घालताना नीरा कालव्याबरोबर या कामाचीही आठवण ठेवूया. आणि साईटवर गेल्यावर लेव्हल घेतल्याशिवाय पाईप बुजवू द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात नक्की आहे.