जॉन हंटर: मांडीतली धमनी बांधून पाय वाचवणारा सर्जन
गुडघ्यामागची धमनी फुग्यासारखी फुगली, की १८व्या शतकातले सर्जन एकतर तो फुगा चिरायचे, नाहीतर पाय कापायचे. दोन्हींत माणूस वाचेलच असं नव्हतं.

१७२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला जॉन हंटर विसाव्या वर्षी लंडनला आला आणि भावाच्या शरीररचनेच्या शाळेत मृतदेहांची चिरफाड करत शिकला.

डिसेंबर १७८५. सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये ४५ वर्षांचा एक घोडागाडीवान हाच आजार घेऊन आला. तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती, हे लक्षात घ्या. हंटरने फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती, तिथे ती बांधली. मग पोटरीच्या स्नायूंना रक्त कुठून मिळणार? आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून. मुख्य रस्ता बंद झाला की त्या हळूहळू रुंदावतात आणि वळसा घालून रक्त खाली पोचवतात. साधारण सहा आठवड्यांत गाडीवान दोन्ही पाय शाबूत घेऊन घरी गेला.

सव्वा वर्षाने तो तापाने वारला. हंटरने (असल्या बाबतीत तो हावराच!) तो पाय मिळवून तपासला. फुगा आकसून घट्ट गाठ झाली होती.

१७९३ मध्ये त्याच हॉस्पिटलात, बैठकीतल्या वादावादीनंतर हंटर कोसळला आणि गेला. मांडीतल्या त्या जागेला डॉक्टर आजही हंटर्स कॅनाल म्हणतात.