सत्येंद्रनाथ बोस : वर्गातून जगापर्यंत

श्रीगणराय ही विद्येची देवता. त्यामुळे यंदाच्या स्मरणिकेत एका विद्योपासकाचे चरित्र आपल्या मुलांपुढे ठेवावे असे मनात आले. 'क्वांटम' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत वारंवार येतो. केंद्र सरकारने 2023 साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि त्यासाठी सहा हजार कोटींहून अधिक रक्कम ठेवली. अकरावी-बारावीतल्या मुलांना हे सगळे परदेशातून आलेले वाटते. पण या विज्ञानाच्या पायातला एक मोठा दगड ढाक्याच्या एका तरुण प्राध्यापकाने बसवला आहे. त्यांचे नाव सत्येंद्रनाथ बोस.

सत्येंद्रनाथांचा जन्म 1 जानेवारी 1894 रोजी कोलकात्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेत नोकरीला होते. सहा बहिणी आणि हा एकटा भाऊ, असे ते मध्यमवर्गीय कुटुंब. हिंदू स्कूलमध्ये असताना गणिताच्या शिक्षकांनी त्यांना शंभरपैकी एकशेदहा गुण दिले, कारण त्यांनी काही उदाहरणे एकाहून अधिक रीतींनी सोडवली होती, असे सांगतात. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू लाभले. मेघनाद साहा वर्गमित्र होते. 1915 साली एम.एस्सी.च्या परीक्षेत सत्येंद्रनाथ पहिले आणि साहा दुसरे आले.

दोघेही कोलकाता विद्यापीठात शिकवू लागले. युरोपात भौतिकशास्त्र झपाट्याने बदलत होते, पण ती पुस्तके इथे मिळत नव्हती आणि मिळाली तरी बहुतेक जर्मन भाषेत होती. पहिले महायुद्ध चालू होते. या दोन तरुणांनी तक्रार करत न बसता जर्मन शिकून घेतली. आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. ते 1920 साली कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

1921 साली नव्यानेच स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात सत्येंद्रनाथ रीडर म्हणून रुजू झाले. तिथे ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्लांकचा नियम शिकवत. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो, हे सांगणारा हा नियम 1900 सालचा. नियम बरोबर होता, पण तो सिद्ध करताना अर्धी जुनी लहरींची कल्पना आणि अर्धी नवी प्रकाशकणांची कल्पना वापरावी लागे. आपल्यालाच जे पटत नाही ते मुलांना कसे शिकवायचे, हा प्रश्न या शिक्षकाला स्वस्थ बसू देईना. त्यातूनच त्यांचा शोध जन्माला आला.

तो शोध सणाच्या भाषेत सांगतो. दोन मोदक आणि दोन ताटल्या घ्या. एक मोदक उकडीचा आणि एक तळणीचा असेल, तर ते ताटल्यांत चार प्रकारे ठेवता येतात : दोन्ही पहिल्या ताटलीत, दोन्ही दुसरीत, किंवा एकेकीत एकेक, आणि हा शेवटचा प्रकार अदलाबदल करून दोनदा मोजायचा. पण दोन्ही मोदक इतके एकसारखे असतील की त्यांत फरक करणे तत्त्वतःच अशक्य, तर अदलाबदलीला अर्थ उरत नाही. मग प्रकार तीनच. पहिल्या हिशोबात दोन्ही मोदक एकत्र असण्याची शक्यता चारांत दोन, दुसऱ्यात तिनांत दोन. खऱ्या मोदकांत काही ना काही फरक असतोच. प्रकाशकणांत मात्र तो नसतो. बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी या दुसऱ्या रीतीने केली आणि लहरींचा आधार न घेता प्लांकचा नियम बरोबर हाती आला.

हा निबंध त्यांनी इंग्लंडच्या एका नियतकालिकाकडे पाठवला, पण तिथे तो छापला गेला नाही. तेव्हा 4 जून 1924 रोजी तिशीतल्या या प्राध्यापकाने तो थेट आइन्स्टाइनकडे बर्लिनला पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले आणि आपला अनुकूल अभिप्राय जोडून त्याच वर्षी तो छापवून आणला. निबंध अवघा चार पानांचा. पुढे आइन्स्टाइननी तीच मोजणी अणूंना लावली. अशा कणांना नंतर 'बोसॉन' हे नाव मिळाले, ते पॉल डिरॅक यांनी दिले.

आइन्स्टाइनचे पत्र आले आणि विद्यापीठाने दोन वर्षांची रजा मंजूर केली. पॅरिसमध्ये मादाम क्यूरींनी त्यांना आधी फ्रेंच शिकून या असे सुचवले. सत्येंद्रनाथांना फ्रेंच येत होती, पण ते सांगायलाही ते संकोचले. मोरिस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांचे तंत्र शिकून घेतले आणि 1925 साली बर्लिनला आइन्स्टाइनची भेट घेतली. परतल्यावर प्राध्यापकपदासाठी अडचण आली, कारण त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. आइन्स्टाइनची शिफारस कामी आली. मी स्वतः पदविकाधारक नोकरदार असल्याने हा प्रसंग मला विशेष जवळचा वाटतो. कागदाला किंमत असते, पण ज्ञान कागदाच्या पुढे जाऊ शकते.

1945 पर्यंत ते ढाक्यात राहिले, नंतर कोलकात्यास परतले. पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, राष्ट्रीय प्राध्यापकपद हे सगळे मिळाले. नोबेल मिळाले नाही. फावल्या वेळात ते इसराज वाजवत. 4 फेब्रुवारी 1974 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मोजणीतून निघालेली पदार्थाची नवी अवस्था अमेरिकेतील प्रयोगशाळांत प्रत्यक्षात आली 1995 साली, आणि त्या शास्त्रज्ञांना 2001 चे नोबेल मिळाले.

त्यांचे आणखी एक कार्य आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1948 साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक सुरू केले. विज्ञान मातृभाषेत शिकवता येते यावर त्यांची श्रद्धा होती. मराठीतही 1966 पासून मराठी विज्ञान परिषद हे काम करते आहे. आपल्याकडे शाळा इंग्रजीत, बाजार हिंदीत आणि मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरती, अशी वाटणी होऊ लागली आहे. सत्येंद्रनाथांनी जर्मन आणि फ्रेंच शिकण्यात कमीपणा मानला नाही. परकी भाषा ज्ञान मिळवण्यासाठी घेतली आणि आपली भाषा ते वाटण्यासाठी ठेवली.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापुढे वाटा पुष्कळ आहेत. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शाळकरी मुलांसाठी ऑलिम्पियाडचे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची गोडी लावणारे उपक्रम चालवते. क्वांटम मिशनमध्ये आयआयटी मुंबईकडे संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र आहे. गणित पक्के करा, संभाव्यतेचा धडा परीक्षेपुरता सोडून देऊ नका, आणि न पटलेले उत्तर पाठ करू नका. एखादे दिवशी आरतीनंतर आजी-आजोबांना दोन मोदकांचा हिशोब मराठीत समजावून सांगा. त्यांना तो कळला, तर तुम्हालाही कळला आहे असे खुशाल समजा.

गणपती बाप्पा मोरया!