सूर्योपासक राजा

बालाघाट हे माझे आजोळ. गेल्या उन्हाळ्यात तेथे गेलो, तर आठ वर्षांचा मामेभाऊ पाय दुखतात म्हणून खेळायलाच येईना. डॉक्टरांनी रक्त तपासून ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचे सांगितले व औषध दिले. ही उणीव फार वाढली की मुलांना मुडदूस होतो, हाडे मऊ पडून पाय वाकतात. वैनगंगेकाठच्या त्या रखरखीत उन्हात असे का व्हावे, याचे मला नवल वाटले. पण मामी तर मुलगा काळा पडेल म्हणून त्याला अंगणातही उभे राहू देत नसे!

आजी मूळची साताऱ्याकडची. तिने लगेच औंधच्या राजेसाहेबांचे नाव काढले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच नातवाला सूर्यनमस्कारांना उभे केले. त्या निमित्ताने मी राजेसाहेबांचे चरित्र वाचले.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. शिक्षण सातारा व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे झाले. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम सुमारे दहा वर्षे केला. मग तो सोडून सूर्यनमस्कार धरले, ते कायमचेच. १९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थान लहान आणि विखुरलेले. त्यातले गुणदाळ तर विजापूरकडे, कानडी मुलखात. बेळगावात जागा गमावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला व तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करीत.

परंतु मला मोठी वाटली ती त्यांची एक गोष्ट. आरोग्याचा विचार त्यांनी वाड्यापुरता ठेवला नाही. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये ते निवर्तले.

‘ड’ जीवनसत्त्वाला हे नाव मिळाले १९२२ मध्ये. राजेसाहेबांची उपासना त्याआधीची. म्हणून एक दुरुस्ती आवश्यक आहे. कोवळ्या उन्हातला व्यायाम शरीराला चांगलाच. पण सूर्य खाली असताना हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण आपल्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, ती वेळ त्यासाठी योग्य. खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही उपयोगाचे नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेब मांडला, तर ऊन फुकट आहे. खर्च आहे तो वेळेचा. नेमका तोच आपण शाळा आणि शिकवणी यांत संपवतो. राजेसाहेबांनी शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाला जागा केली, तशी आपण उन्हालाही करायला हवी.

निघण्याच्या दिवशी मामेभाऊ अंगणात पावले टाकून स्वतःची सावली मोजत होता. मामी दारातून पाहत होती. तिने त्याला आत बोलावले नाही.