लाहोरची गाण्याची शाळा

आपल्यातले बरेच जण लहानपणी गाण्याच्या क्लासला गेलेत. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, मग दहावी आली आणि पेटी बंद! गाण्याला वर्ग आणि परीक्षा ज्यांनी आणल्या, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी नक्की काय केलं, हे मात्र क्लासमध्ये कुणी फारसं सांगत नाही.

१८ ऑगस्ट १८७२ला कुरुंदवाडला त्यांचा जन्म. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शिक्षण थांबलं आणि मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. तेव्हा शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि बुवांच्या मनात येईल तेव्हा तालीम. एकदा एका समारंभाचं आमंत्रण विष्णुबुवांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. कारण काय, तर ते नुसते गवई! असं सांगतात. गवयाची ही किंमत त्यांना सलत राहिली. १८९६मध्ये त्यांनी मिरज सोडली.

बडोदा, काठेवाड असं गात गात ते लाहोरला पोहोचले आणि ५ मे १९०१ला गांधर्व महाविद्यालय उघडलं. कुणा राजाच्या मेहेरबानीवर नाही, तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या पैशांवर. अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, स्वतः तयार केलेली स्वरलिपी, परीक्षा, सगळं आलं. एकेकट्याला न शिकवता अख्ख्या वर्गाला शिकवायचं, एकत्र प्रार्थना आणि भजनं गायची. पुढे शिक्षक होणारी मुलं तिथेच राहायची. म्हणजे चक्क हॉस्टेलच!

वर्गात गवई तयार होत नाही, ही टीका तेव्हाही झाली. मग ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे कुठून आले? पण मला वाटतं, टीका करणारे अगदीच चुकीचे नव्हते. ही मंडळी परीक्षेने घडली नाहीत. वर्षानुवर्षं विष्णुबुवांच्या सहवासात राहिली, त्यांच्याबरोबर गायली, म्हणून घडली. आपण त्यातली परीक्षा तेवढी उचलली. एकत्र गाणं राहिलं ते प्रार्थनेपुरतं आणि गॅदरिंगच्या ग्रुप साँगपुरतं, आणि तिथेही पहिली चिंता ट्रॉफीची!

१९०८मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झालं. तिथली मोठी इमारत कर्ज काढून बांधली. ते कर्ज फिटलं नाही आणि १९२४मध्ये इमारतीचा लिलाव झाला. बुवा तोवर नाशिकला रामनामाकडे वळले होते. काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गाणाऱ्या या माणसाने रामधून लोकांच्या तोंडी बसवली. ती गायला ना प्रवेशिका लागते, ना चांगला गळा.

२१ ऑगस्ट १९३१ला मिरजेत ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं. आपण भरलेले परीक्षेचे फॉर्म त्याच मंडळाचे.